विदर्भात पिओनीऐवजी डेलिया: लागवड आणि कंदांचा उन्हाळा

मोबाइलवर पिओनीची गच्च पाकळ्यांची गुलाबी फुले पाहून तिची मुळे मागवावीत का, अशी विचारणा आता गावाकडूनही होते. माझे उत्तर नाही असेच आहे. पिओनीच्या मुळांवर लालसर डोळे असतात आणि त्या डोळ्यांत फूल धरण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे सलग कडाक्याची थंडी लागते. साधारणपणे 4 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली 500 ते 1000 तास, असा हिशेब सांगितला जातो. आपल्या देशात तिची एक पांढऱ्या फुलांची जात रानात वाढते, पण ती हिमालयात. नागपूर, वर्धा किंवा यवतमाळकडे पौषातल्या पहाटे अंगावर काटा आला तरी दुपारी पारा पुन्हा 28 अंशांजवळ जातो, त्यामुळे तेवढी थंडी साठतच नाही. फ्रिजमध्ये ठेवून काढलेले मूळ एखादे वेळी फुटते, परंतु मे महिन्यातील 45 अंश आणि त्यानंतर काळ्या मातीत तुंबणारे पावसाचे पाणी यांतून ते वाचवणे फार कठीण आहे.

तसेच भरगच्च, ओंजळभर फूल हवे असेल तर विदर्भाला डेलिया मानवतो. हे झाड मूळचे मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले असल्यामुळे त्याला बर्फ नको, उबदार दिवस आणि गार रात्री हव्यात. दसऱ्यापासून होळीपर्यंत आपल्याकडे नेमके तेच हवामान असते. पिओनीसारखे रूप पाहिजे असल्यास ‘डेकोरेटिव्ह’ प्रकारातली मोठी दुहेरी फुले निवडावीत. अणकुचीदार पाकळ्यांचा ‘कॅक्टस’ आणि चेंडूसारखा ‘पॉम्पॉन’ हेही सुंदर आहेत, पण त्यांची शोभा वेगळी.

लागवडीची घाई करू नये. पोळ्याच्या सुमारास कंदांना फुटलेले कोंब 7 ते 10 सेंटीमीटरचे झाले की ते पेराखाली तिरपे कापावेत, खालची पाने काढावीत आणि ओलसर, धुतलेल्या रेतीत सावलीला लावावेत. दोन ते तीन आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात. हस्ताचा पाऊस सरून वाफसा आला की ऑक्टोबरच्या मध्यावर रोपे कायमच्या जागी हलवावीत. या लागवडीला डिसेंबरअखेर ते जानेवारीत फुले येऊ लागतात. नोव्हेंबर संपत आल्यावर लावलेले झाड पुरते वाढण्याआधीच फेब्रुवारीचे ऊन सुरू होते आणि फूल लहान राहते.

आपली भारी काळी माती कपाशीला चांगली असली तरी डेलियाच्या कंदाला ती जशीच्या तशी चालत नाही, कारण ती पाणी धरून ठेवते आणि सुकताना भेगाळून मुळे तोडते. जमिनीत लावायचे असेल तर वीतभर उंच गादीवाफा करावा आणि दोन झाडांत 45 ते 60 सेंटीमीटर अंतर ठेवावे. मी मात्र कुंडीच सुचवेन. 12 इंची कुंडीत दोन घमेली पोयटा माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक घमेले रेती या प्रमाणात केलेले मिश्रण भरावे, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी आणि तळाच्या छिद्रावर खापरी ठेवायला विसरू नये. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी घातल्यास पानांच्या कडा करपतात. तेथे दोन-चार कुंड्यांपुरते पावसाचे पाणी टाकीत साठवून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची कोवळी पाने जशी पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तसेच डेलियाचेही होते. ही लोहाची कमतरता असून एक लिटर पाण्यात 3 ते 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारल्यास पाने सुधारतात. चुलीची राख घालण्याची आपल्याकडे सवय आहे, पण राखेने माती आणखी विम्ल (अल्कधर्मी) होते, म्हणून ती येथे टाळावी. कळी दिसू लागल्यावर युरिया पूर्ण बंद करावा, अन्यथा पाला माजतो आणि दांडा कमजोर राहून फुलाच्या भाराने वाकतो.

आधाराची काठी रोप लावतानाच रोवावी. मागाहून रोवलेली काठी कंदात घुसते आणि तेथून कुज सुरू होते. लहान फुलांच्या झाडाला तुराटी पुरते, मोठ्या फुलांना बांबूच हवा. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. त्यांतल्या चार जोमदार ठेवून बाकीच्या काढाव्यात. प्रत्येक फांदीच्या टोकाला सहसा तीन कळ्या येतात. मधली ठेवून बाजूच्या दोन कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच नखाने खुडाव्यात. हे करताना मन धजत नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे, तरीही ओंजळभर फुलाचे सारे रहस्य याच खुडण्यात आहे. मावा आणि फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्क, तर भुरीसाठी (पानांवरच्या पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीसाठी) पाण्यात विरघळणारे गंधक वेळीच फवारावे. गंधक मात्र उन्हात फवारू नये. पाने चुरडलेली आणि पिवळसर ठिपक्यांची होऊन झाड खुरटले, तर ते विषाणूचे लक्षण समजून झाड कंदासह नष्ट करावे. फेब्रुवारीत गारपिटीचा अंदाज आला की कुंड्या ओसरीत घ्याव्यात.

खरी कसोटी उन्हाळ्यातली आहे. होळीनंतर पाणी हळूहळू तोडावे, पाला वाळला की खोड वीतभर ठेवून कापावे आणि कंदांचा घोस न तोडता उचलून सावलीत आठवडाभर सुकवावा. फुले असतानाच प्रत्येक झाडाला रंगाप्रमाणे दोरा बांधून ठेवला असेल तर पुढच्या वर्षी गोंधळ होत नाही. पहिल्या वर्षी माझे सगळे कंद टिनाच्या शेडमध्ये ठेवल्यामुळे मे अखेरीस सुरकुतून खारकेसारखे झाले होते. तेव्हापासून मी ते मातीच्या भिंतीच्या अंधाऱ्या खोलीत, जुन्या माठात कोरड्या रेतीचे थर देऊन ठेवतो आणि माठाच्या तोंडाला उंदीर-घुशींसाठी जाळी बांधतो. दर महिन्याला कंद चाचपून पाहावेत: मऊ, पाणचट झालेला भाग कापून जखमेला गंधकाची भुकटी लावावी, आणि फार सुरकुतलेला दिसला तर रेतीवर थोडेसे पाणी शिंपडावे. मृगाचा दमटपणा आला की काही कंद लवकरच फुटतात. ते छपराखाली कुंडीत लावून, जेमतेम ओल ठेवून पोळ्यापर्यंत सांभाळावेत, म्हणजे तीच कोंबांची मातृझाडे होतात. घोस वेगळा करायचा असल्यास तो कोंब दिसू लागल्यावरच करावा, कारण डेलियाचा डोळा बटाट्यासारखा कंदावर कोठेही नसतो. तो फक्त जुन्या खोडाच्या गळ्याशी असतो आणि त्या गळ्याचा तुकडा सोबत न आलेला कंद कितीही मोठा असला तरी फुटत नाही.