नियम मोकळे, नाव नाही

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या नियमांवर स्वतःचं साहस (खेळायचं कथानक) लिहून विकायचंय? आधी परवाना ठरवा. एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१ हा नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० या, श्रेय देऊन वापरायच्या मोकळ्या परवान्याखाली मिळतो. त्यातलं श्रेयाचं वाक्य जसंच्या तसं छापा. 'फाइव्ह-ई कंपॅटिबल' (पाचव्या आवृत्तीशी सुसंगत) म्हणायचीही मुभा तिथेच दिलेली आहे.

दुसरा परवाना, २००० सालचा ओजीएल (ओपन गेम लायसन्स) १.०ए, जास्त किचकट. अख्खा परवाना पुस्तकात छापायचा, ज्यांचं ज्यांचं साहित्य उचललंय त्यांच्या कॉपीराइट-नोंदी कलम १५ मध्ये जोडायच्या (घसरायची जागा हीच), 'बिहोल्डर'सारख्या राखीव राक्षसांना हात लावायचा नाही. आणि कलम ७ मुळे दुसऱ्याचा ट्रेडमार्क वापरून सुसंगततेचा दावाही परवानगीशिवाय करता येत नाही.