जुनी व्हॅन स्लो धरत नाही, चढाला ओढत नाही? या चुका टाळा

आमची मारुती ओमनी जुनी, कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग). ७९६ सीसी, तीन सिलिंडर. कोल्हापुरात शिवाजी पुलाआधी ट्रॅफिकमध्ये स्लोवर, म्हणजे रेस न देता चालू, उभी राहिली की स्टेअरिंगसकट थरथरायची. केर्लीपासून जोतिबाचा चढ लागला की दुसऱ्या गिअरलाही ओढायची नाही. दोन महिन्यांत मी प्लग बदलले, ठिणगीची कॉइल बदलली, पैसे गेले. फरक शून्य.

माझी मोठी चूक ही, की दोन्ही तक्रारींना मी एकच दुखणं समजलो. उभ्या गाडीत मिसिंग (इंजिनचा ठोका मधेच चुकणं) आणि रेस दिली की सुरळीत, असं असेल तर आधी हवेची गळती शोधा. स्लोला इंजिन हवा थोडीच ओढतं, त्यामुळे फटीतून शिरलेली जादा हवा तिथंच जाणवते. उलट स्लो ठीक, पण चढाला गाडी बसते, तेव्हा पेट्रोल पुरत नाही का, हे पाहायचं. आमच्या गाडीत दोन्ही दोष एकदम होते.

स्लोचा स्क्रू पिळू नका. मी पिळला होता. थरथर दबली, पण गळती तशीच राहिली आणि पेट्रोल जास्त जायला लागलं. शेवटी मिस्त्रींनी पुढची सीट उचलली आणि चालू इंजिनवर व्हॅक्यूमच्या (इंजिनच्या ओढीवर चालणाऱ्या) नळ्या पकडीनं एकेक चिमटत गेले. एका नळीला चिमटा बसताच इंजिनची थरथर थांबली. नळी वरून धड दिसत होती. वाकवली तेव्हा टोकाशी नखाएवढी चीर उघडली. गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल मात्र कधीही शिंपडू नका. या गाडीत इंजिन सीटखालीच असतं, भडका थेट तुमच्या अंगावर येईल.

प्लग बदलायचेच असतील तर जुने आधी नीट बघा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त. एकच प्लग पेट्रोलनं ओला असेल तर त्याच सिलिंडरची ठिणगी तपासा: वायर, कॅप, डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) झाकण. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या झाकणात ओल धरते, सकाळी पहिल्या स्टार्टला मिसिंग येतं आणि गाडी तापली की जातं. अंधारात बॉनेट किंवा सीट उचलून पाहिलं तर खराब वायरीवर निळसर ठिणग्या दिसतात. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणाऱ्या) गाडीत चालू इंजिनवर प्लगची वायर उपसू नका, कॉइल जाऊ शकते.

रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. इंजिनला हात लावू नका.

आणि कुणी 'इंजिन गेलं' म्हटलं की लगेच उद्यमनगरातल्या वर्कशॉपात बोअरिंगला (इंजिन खोलून सिलिंडर घासायला) टाकू नका. आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाण्याचा जोर) मोजून घ्या. एकात कमी आलं तर तिथं चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा खराब, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

आमच्या चढाच्या तक्रारीला एवढं काही लागलं नाही. पेट्रोल फिल्टर काढून पांढऱ्या वाटीत उलटा केला, तर तळाशी गंजाचा लालसर गाळ बसला. नवा फिल्टर घातला, टाकी धुऊन घेतली. पुढच्या रविवारी पाच माणसं घेऊन व्हॅन जोतिबाचा घाट न थांबता चढली.