पॉइंट टू टू पिस्तूल: निवड कशी करावी, निगा कशी राखावी

सोलापुरात नेमबाजीची आवड लागलेल्या माणसाने सुरुवात एअर पिस्तुलानेच करावी, असं माझं ठाम मत आहे. पॉइंट १७७ बोअरच्या, २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. दहा मीटरवर उभं कसं राहायचं, श्वास कुठे रोखायचा, चाप झटका न देता कसा ओढायचा, हे सगळं त्यावर पक्कं होतं. हात तयार झाला की मग पॉइंट टू टू रिमफायरचा, म्हणजे बुडाच्या कडेवर पिन आपटून पेटणारं ०.२२ इंची काडतूस झाडणाऱ्या पिस्तुलाचा विचार करा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच पॉइंट टू टूवर, २५ मीटर पिस्तूल प्रकारात.

आधी रेंज, मग परवाना, मग पिस्तूल

हा क्रम मोडू नका. पॉइंट टू टूची गोळी दिसायला इवलीशी, पण मोकळ्यावर ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे शेताच्या बांधावर बाटल्या मांडून सराव करण्याचा विषयच नाही. गोळी झाडायची ती मान्यताप्राप्त रेंजवरच. आपल्याला नियमित जाता येईल अशी रेंज कोणती, हे आधी ठरवा. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात चांगली रेंज आहे, पण तिथे जायचं म्हणजे अडीचशे किलोमीटरचा प्रवास. दर आठवड्याला तो झेपणार आहे का, याचं खरं उत्तर स्वतःला द्या.

परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. सोलापूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, बार्शी, पंढरपूर, अकलूजकडे असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्जात कारण म्हणून ‘नेमबाजी खेळ’ लिहिताना क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धांतल्या सहभागाचे कागद सोबत जोडा. पोलीस पडताळणीला वेळ लागतो, तोवर एअर पिस्तूल हातातून सोडू नका.

निवड

कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी बघा. पहिली कसोटी आपल्या हाताची. डोळे मिटून पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने उचला आणि मग डोळे उघडा. पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेत साधारण मधोमध दिसली तर मूठ तुमच्या हाताला बसते. दरवेळी डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली दिसली तर मूठ तरी बदलायला हवी, नाही तर पिस्तूल तरी. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलांच्या लाकडी मुठी स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येतात. कानशीने थोडं घासून आणि वूड पुट्टीचा भर देऊन त्या हाताबरहुकूम करता येतात. या कामाला चार दिवस द्या, घाई नको. बोट चापापर्यंत सरळ पोचलं पाहिजे आणि त्या बोटाची बाजू फ्रेमला घासता कामा नये.

मग चाप. २५ मीटर पिस्तूल प्रकारात चापाचं वजन किमान १००० ग्रॅम लागतं, पिस्तुलाचं एकूण वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं आणि नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. पुढे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर ही मापं आजच तपासा. निव्वळ आवड म्हणून खेळणार असाल तरीही १००० ग्रॅमचा स्वच्छ, दोन टप्प्यांचा (आधी हलका सरकणारा, मग अडणारा) चाप हाताला चांगलं वळण लावतो. खिशात मावणारं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर या कामाला घेऊ नका. दोन साइटमधलं अंतर कमी असलं की नेमातली बारीक चूक दिसतच नाही.

वॉल्थर जीएसपी, पार्डिनी एसपी, मोरिनी ही या खेळातली मुरलेली नावं. जुनं पिस्तूल घेत असाल तर टॉर्च घेऊनच जा. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून आणि चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) रिकामं असल्याची खात्री करून मागून नळीत उजेड टाका. मग चेंबरच्या काठाकडे नीट बघा. तिथे छोटा खड्डा दिसला तर समजा की आधीच्या मालकाने रिकामा चाप भरपूर ओढलाय. रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन कडेवरच आपटते. काडतूस नसलं की तोच घाव चेंबरच्या काठावर बसतो आणि पुढे काडतुसं अडकायला लागतात. मॅगझिनचे ओठ वाकलेले नाहीत ना आणि जादा मॅगझिन मिळतं का, हेही विचारून घ्या.

काडतुसांत स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे बेताच्या वेगाची निवडा. प्रत्येक पिस्तुलाला मानवणारी काडतुसं वेगळी असतात. तीन-चार प्रकारची थोडी थोडी आणून टेकू देऊन २५ मीटरवर झाडा. ज्याचा ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) सगळ्यात घट्ट येईल, त्याच प्रकाराला धरून राहा.

निगा

पिस्तूल हातात घेतलं की पहिलं काम म्हणजे मॅगझिन बाहेर, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघणं आणि करंगळीने चाचपणं. साफसफाईच्या टेबलावर काडतुसं नकोतच.

टेबलावर आपला सोलापुरी टॉवेल अंथरू नका. त्याच्या फासांत बारीक स्प्रिंग अडकतात आणि तंतू यंत्रात जातात. जुन्या धुवट धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला. त्यातूनच चौकोनी चिंध्या कापून नळीसाठी ठेवा.

पॉइंट टू टूची गोळी बहुधा उघड्या शिशाची आणि मेणाचा किंवा वंगणाचा हात दिलेली असते. ते मेण आणि दारूची काजळी मिळून बोल्टच्या तोंडावर काळा चिकट थर धरतो. खरी साफसफाई तिथेच करायची असते. जुन्या टूथब्रशला थोडं सॉल्व्हंट लावून बोल्टचं तोंड, रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालची फट आणि चेंबर घासा. आकड्याखाली टोकदार लाकडी काडी फिरवली तर काळ्या मेणाचा गोळा बाहेर येतो. काडतुसं नीट बाहेर पडत नसतील तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. हे प्रत्येक सरावानंतर करा. नळी मात्र उगाच घासत बसू नका. अधूनमधून मागून पुढे ओढायच्या दोरीने चिंधी फिरवली की पुरे. पुढून लोखंडी गज घातलात तर नळीच्या तोंडाची कड झिजते आणि नेमकेपणा कायमचा जातो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार आणि वर धूळ, त्यामुळे तेल जपून वापरा. सरकत्या पट्ट्यांवर बोटाने पुसट फिरवाल एवढंच. जास्त झालं तर धूळ धरून त्याची घासणारी लेई होते. पावसाळ्यात पिस्तूल फोमच्या पेटीत महिनोन्महिने ठेवू नका, फोम ओल धरतो. कुलूपबंद लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. उन्हात उभ्या गाडीत तर काहीच सोडायचं नाही.

रेंजवर कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा हवाच. चाप ओढूनही काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढची गोळी झाडू नका, आधीची नळीत अडकलेली असू शकते. सराव संपला की साबणाने हात धुवा, त्याआधी चहा-भजी नको, कारण शिसं बोटांवरून पोटात जातं.

घरी रिकाम्या चापाचा सराव करायचा असेल तर डमी काडतूस वापरा, किंवा पिस्तुलातच ड्राय-फायरची सोय असेल तर ती लावा. चापाच्या स्क्रूशी स्वतः खेळू नका. त्याचं वजन कमी-जास्त करायचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या, आणि तिथे नेताना मूळ परवाना खिशात ठेवा. त्याची मुदत पाच वर्षांची असते. संपण्याआधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका.