देशाचं सोनं नक्की कुठे ठेवलंय हे स्वतः कसं तपासायचं

"अमुक देशाचं सगळं सोनं परदेशात अडकलंय" असा मेसेज आला की लोक न बघता फॉरवर्ड करतात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हे तपासायला अर्धा तास पण लागत नाही. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, सोनं कुणाच्या मालकीचं आणि सोनं ठेवलंय कुठे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

कॅनडाचं बघा ना. त्यांनी स्वतःचं सोनं विकत विकत २०१६ पर्यंत जवळपास शून्यावर आणलं, पण स्वित्झर्लंडचं सोनं मात्र बँक ऑफ कॅनडाकडे आहे! स्विस नॅशनल बँकेच्या १,०४० टनांपैकी साधारण ७० टक्के स्वित्झर्लंडमध्येच, २० टक्के बँक ऑफ इंग्लंडकडे आणि १० टक्के कॅनडात.

आता फोर्ट नॉक्स, म्हणजे अमेरिकन सरकारची सोन्याची प्रसिद्ध तिजोरी. अमेरिकेचं सगळं सोनं तिथे, आणि बाकी देशांचं पण तिथेच, असं खूप जण धरून चालतात, दोन्ही चूक. अमेरिकेच्या सुमारे ८,१३३ टनांपैकी तिथे साधारण ४,५८० टन आहे, बाकीचं मुख्यतः वेस्ट पॉइंट आणि डेन्व्हरला आणि थोडं न्यूयॉर्कला. इतर देशांचं सोनं असतं ते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत (फेड म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, जशी आपली रिझर्व्ह बँक), मॅनहॅटनच्या खडकात, रस्त्याच्या खाली ८० फुटांवर, आणि त्या तिजोरीतलं बहुतेक सोनं परदेशी मध्यवर्ती बँकांचं आणि सरकारांचं आहे, फेड ते फक्त सांभाळते.

तर तपासायचं कसं? बातमी बाजूला ठेवा आणि थेट त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या साइटवर जाऊन वार्षिक किंवा सहामाही अहवाल उघडा. त्यात एकूण किती टन, देशात किती, बाहेर कुणाच्या ताब्यात किती, एवढेच आकडे शोधा. सगळेच देश हे सांगत नाहीत, पण जर्मनीची बुंडेसबँक तर विटांची यादीच जाहीर करते. त्यांनी न्यूयॉर्कहून ३०० टन आणि पॅरिसहून ३७४ टन सोनं फ्रँकफर्टला आणलं, हे काम २०१७ मध्ये संपलं, पॅरिसमध्ये आता काहीच नाही पण न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये अजून आहे. म्हणून "जर्मनीने सगळं सोनं परत नेलं" हे पण खोटं.

मग "बाहेर आहे म्हणजे गहाण आहे" हा प्रकार. भारताने १९९१ मध्ये जवळपास ४७ टन खरंच गहाण ठेवलं होतं, पण ते कर्ज केव्हाच फिटलं. रिझर्व्ह बँकेच्या अहवालात सप्टेंबर २०२४ अखेर ८५४.७३ टनांपैकी ५१०.४६ टन देशातच दिसतं, उरलेलं बहुतेक बँक ऑफ इंग्लंड आणि बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सकडे (मध्यवर्ती बँकांची बँक) सांभाळायला दिलेलं. लंडनमध्ये ठेवायचं मोठं कारण म्हणजे सोन्याचा बाजार तिथे आहे, विकायचं झालं तर साडेबारा किलोच्या विटा विमानात भरून फिरवायला लागत नाहीत, खात्यावरचं नाव बदललं की काम झालं.

पण लोकांची भीती अगदीच बिनबुडाची आहे असंही मी म्हणणार नाही. व्हेनेझुएलाचं सोनं बँक ऑफ इंग्लंडमध्ये अडकलं, कारण खरं सरकार कुणाचं यावरच ब्रिटिश कोर्टात भांडण गेलं. मालकी देशाचीच, पण हात लावता येईना. म्हणून अहवालात सोनं कुठल्या देशात आहे ते बघाच, आणि त्या देशाशी संबंध कसे आहेत तेही बघा.

आकडे वाचताना युनिट सांभाळा, अमेरिकेचे आकडे ट्रॉय औंसात असतात आणि एक टन म्हणजे सुमारे ३२,१५१ औंस. आणि ट्रेझरीच्या, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याच्या, हिशोबात अजूनही औंसाला ४२.२२ डॉलर हा जुना कायदेशीर भाव धरतात, त्यामुळे सगळ्या सोन्याची किंमत फक्त ११ अब्ज डॉलर दिसते, ती बघून "सोनं गायब झालं" असा अर्थ काढू नका, औंस मोजा.