पाच मिनिटांच्या स्कॅनमधून मेंदूची बदलती जोडणी काढताना

जोडणी म्हणजे मेंदूच्या दोन भागांचं काम किती बरोबरीने वरखाली होतं, ते. स्वतःचा डेटा गोळा करायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. अमेरिकेतल्या अल्बुकर्कीचा ‘कोब्रे’ हा स्कॅनचा संच संशोधकांना मिळतो: स्किझोफ्रेनियाचे 72 रुग्ण, 75 निरोगी माणसं. एमआरआय यंत्रात नुसतं पडून राहायचं; दर दोन सेकंदांना मेंदूच्या कामाचं एक चित्र, अशी माणशी 150.

मेंदूचे भाग पाडायला मी शेफरचा 100 भागांचा नकाशा घेतला आणि तिथेच घसरले. त्यात फक्त कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर आहे; आत खोलवरचा थॅलॅमस नाही. या आजारात तर थॅलॅमसची जोडणी बिघडलेली वारंवार सापडते! डावा-उजवा थॅलॅमस वेगळा जोडा. 102 भाग, 5151 जोड्या.

आता खिडकी. सलग 22 चित्रं, म्हणजे 44 सेकंद घ्या, प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढा, एक चित्र पुढे सरका. 129 खिडक्या होतात. संथ चढउतार मात्र आधीच गाळा. 100 सेकंदांची लाट 44 सेकंदांत मावत नाही. तिचा तुकडाच जोडणी बदलल्याचं सोंग आणतो. मग सगळ्यांच्या खिडक्या एकत्र करून के-मीन्सने (सारख्या दिसणाऱ्यांचे गट पाडणारी पद्धत) चार-पाच ‘अवस्था’ पाडा आणि कोण कुठे किती वेळ थांबतो ते मोजा. दामराजू आणि सहकाऱ्यांना 2014 मध्ये रुग्ण दाट जोडणीच्या अवस्थांत कमी वेळ दिसले होते.

माझे रुग्ण तर एका अवस्थेतून दुसरीत टणाटण उड्या मारत होते. रात्री अडीचला आकडे आले, सकाळी नाचत गाईडकडे गेले. मॅडमनी एवढंच विचारलं, “डोकी किती हलली?” जास्त हललेल्यांना वगळलं आणि फरक बराच ओसरला. हे पहिल्याच दिवशी करा.

उरलेल्या फरकासाठी बनावट डेटा बनवा: एका माणसाच्या सगळ्या भागांच्या लहरींची कला (फेज, म्हणजे लाट कुठून सुरू होते ते) एकाच यादृच्छिक संचाने सरकवा. एकूण सहसंबंध तसेच राहतात, पण वेळेनुसार जोडणी खरोखर बदलत नाही. त्यातही तितक्याच उड्या दिसल्या, तर शीर्षकातला ‘बदलती’ शब्द खोडा. मी खोडला होता. शिवाय यातले बहुतेक रुग्ण औषधांवर आहेत; फरक आजाराचा की गोळ्यांचा, हे या संचातून सुटत नाही.

शेजारच्या काकू मुलाच्या एमआरआयची फिल्म घेऊन आल्या, “यात बघ ना गं.” ती मेंदूच्या रचनेची फिल्म, त्यात जोडणी दिसतच नाही. आणि दिसली असती तरी माझ्या आलेखावर रुग्ण आणि निरोगी यांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले आहेत. एका माणसाचं निदान त्यातून होत नाही. चहा केला, फिल्म पाकिटात घालून परत दिली.