युझूच्या आंघोळीची तयारी

बावीस डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, तोक्योतल्या गल्लीबोळांतल्या सेंतोंमध्ये, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरांमध्ये, गरम पाण्यावर युझू सोडतात. युझू म्हणजे लिंबाच्या जातीचं, खडबडीत सालीचं पिवळं फळ. वाफेत त्याचा वास असा दरवळतो की सर्दी असेल तर नाक मोकळं झालंच म्हणून समजा. नवीन आलेली मराठी मंडळी सार्वजनिक न्हाणीघर म्हटलं की बिचकतात, आणि मग थेट हाकोनेच्या महागड्या ओनसेनला (गरम झऱ्याच्या न्हाणीघराला) जाऊन तिथे बावचळतात. माझं मत असं, की पहिला धडा गल्लीतल्या सेंतोतच गिरवावा.

आधी मन तयार करा. आत अंगावर काहीही चालत नाही, पोहण्याचा पोशाखसुद्धा नाही. बायका-पुरुषांचे विभाग वेगळे असतात आणि शेजारची आजी तुमच्याकडे बघत बसण्याऐवजी स्वतःच्या टाचा घासण्यात गुंग असते. तरीही पहिल्या खेपेला ऑफिसातली मंडळी किंवा सासूबाई सोबत नकोत, एकट्यानेच जा. मुलं नेणार असाल तर वय बघा: २०२२ पासून तोक्योत सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला आईबरोबर बायकांच्या बाजूला जाता येत नाही. मुलगा दुसरीत आणि बाबा दौऱ्यावर, असं असेल तर बेत पुढे ढकला.

आदल्या रात्री डोक्याला खोबरेल चोपडू नका. हे आपल्याच लोकांना सांगावं लागतं. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तेल-उटणं लावून मग पाणी घ्यायचं असतं. इथे तेल, साबण, घाम सगळं धुऊन स्वच्छ झाल्यावरच टाकीत उतरायचं, कारण तेच पाणी सगळ्यांचं असतं. त्यावर तेलाचा तवंग आला तर कोणी बोलणार नाही, पण चेहरे सांगतील. सोन्याचे दागिने घरीच बरे.

पिशवीत दोन टॉवेल हवेत: एक मोठा, अंग पुसायला, एक हातरुमालाहून लांब, पातळ, घासायला आणि आडोशाला. हा छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. केस लांब असतील तर बांधायला रबर घ्या. साबण-शांपू हल्ली बऱ्याच ठिकाणी ठेवलेले असतात, तरी छोट्या बाटल्या जवळ असू द्या. ओले टॉवेल कोंबायला प्लास्टिकची पिशवी. आणि सुटे पैसे, भरपूर. मोठ्यांचं तिकीट ऑगस्ट २०२४ पासून ५५० येन झालं. सौनाचे, म्हणजे घाम काढायच्या तापलेल्या खोलीचे, पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. केस वाळवायच्या यंत्रालाही नाणी लागतात, आणि ओल्या केसांनी नोटा मोडून मागत फिरणं काही शोभत नाही. टॅटू असेल तर दारावरची पाटी वाचून घ्या. गल्लीतले सेंतो बरेचदा चालवून घेतात, हॉटेलांचे ओनसेन घेतीलच असं नाही.

बहुतेक सेंतो दुपारी तीन-चारला उघडतात, आठवड्यातून एक दिवस बंद असतात. उघडल्या उघडल्या गेलात तर पाणी ताजं, पण नेहमीच्या आजी-आजोबांची गर्दी. बूट कपाटात ठेवून लाकडी पट्टीची किल्ली काढून घ्या. मोबाइल कपड्यांबरोबर कुलपात. भिंतीवर रंगवलेला फुजी पर्वत डोळ्यांनीच बघा. ही चित्रं काढायची पद्धत १९१२ साली तोक्योच्या कांदा नावाच्या भागातल्या एका सेंतोपासून सुरू झाली.

आत शिरल्यावर ठेंगणं स्टूल आणि बादली घ्या. अनेक ठिकाणी ती केरोरिन या वेदनाशामक औषधाची जाहिरात असलेली पिवळी प्लास्टिकची बादली असते. १९६३ पासून चालत आलेली ही जाहिरात. ओसाकाकडची बादली लहान असते, कारण तिकडे टाकीतलं पाणी काढून अंगावर घ्यायची सवय. नळाचं बटण दाबलं की ठरावीक पाणी येऊन आपोआप थांबतं, पुन्हा दाबायचं. बसूनच आंघोळ करायची. उभं राहून शॉवर सोडलात तर शिंतोडे शेजारच्याच्या पाठीवर. झाल्यावर स्टूल, बादली खळखळून जागेवर.

टाकीचं पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास, जुन्या ठिकाणी त्याहूनही कडक. आधी पायांवर दोन बादल्या ओता, मग हळूहळू उतरा. चटके बसले म्हणून परस्पर गार पाण्याचा नळ सोडू नका, आधी शेजाऱ्याला विचारा. इथल्या आजोबांचा पाण्याच्या तापमानावर हक्क असतो. रक्तदाबाचा त्रास असेल तर पाच मिनिटं पुरेत. दारू पिऊन जाऊ नका. एखाद्या कोपऱ्यात विजेचा सौम्य झटका देणारी टाकी असते; पेसमेकर असलेल्यांनी तिकडे फिरकूच नये. तरंगणारे युझू पिळू नका, फोडू नका. मुलांना हे आधीच बजावून ठेवा, त्यांना ते चेंडू वाटतात.

बाहेर पडताना दाराशीच अंग पुसून मग कपडे बदलायच्या खोलीत पाऊल टाका, लादी ओली करायची नाही. आधी पाणी प्या, मग काचेच्या बाटलीतलं थंड कॉफी-दूध. केस पूर्ण वाळवा आणि कानटोपी घाला. सायकलवरून घरी जाताना डिसेंबरचा वारा कानात शिरतो.