पीपीसी आणि संधी खर्च: वर्षानुवर्षं त्याच चुका, आता तरी टाळा

अकरावी आणि एफवायची मुलं माझ्याकडे देवगडला क्लासला येतात. पहिल्या धड्यातला उत्पादन शक्यता वक्र (पीपीसी), म्हणजे हाताशी असलेली जमीन, माणसं अशी सगळी साधनं पुरती वापरून दोन वस्तू जास्तीत जास्त किती-किती करता येतील ते दाखवणारी रेघ, बघून सगळ्यांना वाटतं, हे तर सोप्पंय, एक वाकडी रेघ काढायची आणि पुढे जायचं. मग तीच मुलं परीक्षेत तिथेच मार्क घालवतात, आणि मला खरंच वाईट वाटतं कारण इतका उपयोगाचा धडा अख्ख्या पुस्तकात दुसरा नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सोडलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज करणं. संधी खर्च म्हणजे सोडलेल्यांपैकी जो सगळ्यात चांगला, तेवढाच. का? कारण एक जमीन किंवा एक माणूस एका वेळी एकाच ठिकाणी लागतो, बाकीचे चार पर्याय तुम्हाला एकदम मिळणारच नव्हते मग ते गेले कसे म्हणायचे?

एका मुलाने प्रोजेक्टला घरचीच बाग घेतली होती. आकडे थोडे बदलून सांगते. वडिलांनी कणकवलीची नोकरी सोडून हापूसची कलमं स्वतः करायला घेतली, फवारणी, मजुरी, पेट्या, गाडीभाडं सगळं जाऊन हातात राहिले 4 लाख. आता पर्याय काय होते? बाग कराराने दिली असती तर दीड लाख, नोकरीचे वर्षाचे 2 लाख 40 हजार, आणि तिसरा म्हणजे त्याच जागेत होमस्टे, त्यातून सगळा खर्च जाऊन 3 लाख. पठ्ठ्याने तिन्हींची बेरीज केली, 6 लाख 90 हजार. क्लासमध्ये येऊन सांगतो, "मॅडम, बाबांक तोटो झालो, दोन लाख नव्वद हजार." आणि हे तो आदल्या रात्री जेवताना वडिलांनाही सांगून बसला होता! घरात दोन दिवस अबोला. आईचा मला फोन, हे काय शिकवताय म्हणून.

मी त्याला वहीचं कोरं पान काढायला लावलं. डावीकडे साधन लिही: जमीन, आणि बाबांचा वेळ. उजवीकडे लिही, ते दुसरीकडे कुठे लागलं असतं. जमीन कराराला, वेळ नोकरीला. या दोन गोष्टी एकाच वर्षी जमल्या असत्या ना? बाग कराराने देऊन माणूस कणकवलीला जाऊ शकतो. म्हणून यांची बेरीज चालते, 3 लाख 90 हजार. पण होमस्टेला तीच जागा आणि तोच माणूस वर्षभर लागणार, म्हणजे तो वेगळा पर्याय, 3 लाखांचा. दोघांतला मोठा 3 लाख 90 हजारांचा, तोच संधी खर्च. बाबा तोट्यात नव्हते, दुसऱ्या चांगल्यात चांगल्या पर्यायापेक्षा 10 हजार पुढेच होते. तो पोरगा तसाच उठून घरी गेला वडिलांना सांगायला.

उलट टोकाची चूक तेवढीच मोठी, "जमीन घरचीच आहे मॅडम, खर्च शून्य." घरचीच असली तरी कराराचे दीड लाख सोडलेतच ना.

ही चूक पोरांचीच आहे असं नाही. 2005 मध्ये अमेरिकेत पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी जवळजवळ 200 अर्थतज्ज्ञांना याच धाटणीचा प्रश्न विचारला, उत्तराचे चार पर्याय देऊन, आणि बरोबर उत्तर 22 टक्क्यांहूनही कमी लोकांनी दिलं. आपल्याकडचं करून सांगायचं तर एका नाटकाचा फुकट पास आहे, तो विकता येत नाही. त्याच रात्री दुसरं नाटक आहे, तिकीट 400, आणि तुम्ही त्यासाठी 500 पर्यंत द्यायला तयार आहात. पहिल्या नाटकाला गेलात तर संधी खर्च किती? 100. दुसऱ्या नाटकातून 500 चा आनंद मिळाला असता पण 400 मोजावेही लागले असते. नंतर काही अभ्यासकांनी त्या प्रश्नावर आक्षेपही घेतला की व्याख्या वेगळी धरली तर उत्तर बदलतं, आणि तो वाद वाचण्यासारखा आहे, पण परीक्षेला निव्वळ फायदा धरा.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे वक्राच्या आतला बिंदू आणि वक्र सरकणं यांची सरमिसळ. 2020 आठवा. मार्चअखेरीस लॉकडाऊन लागला, होमस्टे, खानावळी बंद, पण खोल्या तशाच, माणसं तशीच, कौशल्य तसंच. म्हणजे वक्र जागेवर, आपण आत. मग 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुडकडच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. ती झाडं परत फळाला यायला वर्षं लागतात, म्हणजे साधनच गेलं, वक्र आत सरकला. लॉकडाऊन उठल्यावर खोल्या भरल्या तर ती वाढ वक्राच्या दिशेने झाली, वक्र बाहेर गेला नाही. मी पोरांना एकच विचारते: साधन पडून आहे की साधनच उरलं नाही?

यावर एक हुशार मुलगी म्हणाली, मग 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, यांत्रिक बोटी बंदरात उभ्या, म्हणजे आपण दरवर्षी वक्राच्या आत? छान प्रश्न. आधी अक्षांवर काय आहे ते बघा. अक्षावर फक्त जूनचे मासे असतील तर हो, बोटी रिकाम्या आहेत. पण एका अक्षावर यंदाचे मासे आणि दुसऱ्यावर पुढच्या वर्षांचे मासे घेतले तर बंदी म्हणजे आज थोडं सोडून पुढचं मिळवणं, माशांना अंडी घालायला आणि पिल्लांना वाढायला वेळ देणं. तेव्हा आपण वक्रावरच एका बिंदूवरून दुसऱ्याकडे जातोय. अक्षांना नावं न देता आकृती काढणाऱ्याला मी पहिला मार्कच देत नाही.

आता आकडेमोड. मासे 0, 10, 20, 30, 40 टोपल्या असतील तेव्हा आंबा 100, 95, 85, 65, 0 पेट्या. 20 वरून 30 वर जाताना एका टोपलीचा संधी खर्च किती? कोणी 65 लिहितो (ते उरलेत, गेले नाहीत!), कोणी सुरुवातीपासूनचे 35, कोणी उलटा भागाकार करून अर्धा. गेल्या 20 पेट्या, मिळाल्या 10 टोपल्या, म्हणजे 2 पेट्या. जे सोडलं ते वर, जे मिळालं ते खाली. आणि हा खर्च वाढत जातो कारण आधी बागेतून ज्याला समुद्र माहीत आहे तो बोटीवर जातो, शेवटी कलमं बांधण्यात आयुष्य गेलेल्यालाही बोटीवर पाठवावं लागतं. म्हणून वक्र बाहेरच्या बाजूला फुगलेला. आत वळलेला काढलात तर तो समवृत्ती वक्रासारखा (ग्राहकाला सारखंच समाधान देणाऱ्या दोन वस्तूंच्या जोड्या दाखवणारा वक्र) दिसतो. हे कारण समजून न घेता रीलवर बघून आकृती पाठ करणाऱ्यांची पंचाईत होते ती प्रश्न जरा फिरवला की.

अक्षांवर रुपये लिहू नका, तिथे फक्त नग, पेट्या, टोपल्या.

मोठ्या बोटी आल्या म्हणून अख्खा वक्र समांतर बाहेर ढकलू नका, माशांच्या अक्षावरचं टोक पुढे जाईल, आंब्याचं आहे तिथेच.

आणि मोहोरावरच्या फवारणीला गेलेले पैसे संधी खर्चात धरू नका. मार्चमध्ये बाग स्वतः ठेवू की कराराने देऊ हे ठरवताना ते दोन्हीकडे सारखेच गेलेले असतात, दोन्हीकडून काढून टाका आणि मग हिशेब मांडा.